खिशात राहिलेलं वाक्य

"घावन की उपमा?" असं देवयानीनं सकाळी विचारलं होतं. पुष्करनं उत्तर दिलं ते दुपारी, आणि तेही मंजुरी समितीच्या पाहुण्यांसमोर.

"घावन," तो म्हणाला. अगदी खणखणीत.

समितीतल्या बाईंनी त्याला विचारलं होतं, "आज बरं वाटतंय ना, सबनीस?" त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा देवयानीकडे पाहिलं आणि टॅबवर काहीतरी टिपून घेतलं. खिडकीशी उभ्या असलेल्या तन्वीर मुजावरनं कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. पाहुणे गेले, संध्याकाळ झाली, देवयानी भात वेळत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीतून त्याच आवाजात आलं, "बरं वाटतंय."

आता यात हसण्यासारखं काय आहे? काही नाही. पण देवयानी ओट्याला टेकून हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. कित्येक महिने घरात हेच चाललं होतं. चहा हवा का म्हणून विचारावं, चहा निवून जावा, त्यावर साय धरावी, आणि मग "हवा" असं यावं. बरं, रागवायचं तरी कुणावर? तो बिचारा खुर्चीत बसून तिच्याकडेच बघत असायचा, काय चुकलं हे न कळून.

आणि या सगळ्यातली गंमत अशी की ज्या यंत्रातून तो बोलत होता, त्याचं डोकं म्हणजे त्याचंच कोड होतं.

पुष्कर सबनीस म्हणजे 'गुंफण' या प्रोग्रॅमिंग भाषेचा बाप. मिरजेत एका सतार बनवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन तिघांनी ती उभी केली. भाषा आणि तिचा कंपायलर पुष्करचा, त्यातल्या चुका शोधून काढणं देवयानीचं, यंत्रं तन्वीरची. तन्वीर पुष्करचा शाळेपासूनचा दोस्त. लग्नात देवयानीला त्यानं बजावलं होतं, "वहिनी, हा माणूस हुशार आहे, पण कपाट उघडू नका याचं. अंगावर येतंय सगळं."

कंपायलर म्हणजे दुभाष्या. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत हा उतरवून देतो. त्यासाठी आधी मजकुराचे तुकडे पाडायचे. त्या एकेका तुकड्याला टोकन म्हणतात. मग पार्सर नावाचा भाग एकेक टोकन घेतो आणि वाक्यात त्याची जागा कुठली ते ठरवतो. पार्सरच्या हातात सतत काही ना काही असतं: आत्ताचं टोकन, नुकतंच होऊन गेलेलं, पुढचं जरा डोकावून पाहिलेलं. हातात काय काय धरलंय, त्यालाच पार्सरची स्थिती म्हणायचं.

पुष्करच्या पार्सरला याशिवाय एक खिसा होता. कोडमध्ये त्याचं नावच 'खिसा'. ज्या टोकनाची जागा आत्ता सापडत नाही ते फेकायचं नाही, खिशात टाकायचं, आणि जागा सापडली की काढायचं. कल्पना झकास, पण केली होती गबाळी. कोडच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणीही त्या खिशात हात घालावा, काहीही टाकावं, काढायची आठवण मात्र कुणाला असेलच असं नाही.

तन्वीरच्या डोक्यात पुढची कल्पना आली. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसाच्या मनात बोलणं असतं, जिभेपर्यंतची वाट तुटलेली असते. त्या बोलण्याचे इशारे मेंदूतून निघतात ते असेच तुकड्यातुकड्यांनी, मागचं पुढे होऊन. मग कवटीखाली केसाहून बारीक तारांची जाळी बसवायची, इशारे टिपायचे, त्यांची टोकनं करायची, ती गुंफणच्या पार्सरकडून लावून घ्यायची आणि कानामागच्या चकतीनं बोलून दाखवायची. त्यात एक बारकावा होता. पार्सरनं टोकन घेतलं की चकती मेंदूला एक हलकीशी टिचकी द्यायची, पोचलं म्हणून. ती दिली नाही तर मेंदू तोच शब्द पुन्हा पुन्हा ढकलत बसायचा. टिचकी मिळाली की बोलून झालं असं समजून तो शब्द सोडून द्यायचा.

यंत्र माणसांवर वापरायची वेळ आली तेव्हा खिशावरून नवराबायकोचं वाजलं. घरी नाही, ऑफिसात, सगळ्यांसमोर.

"असलं गबाळं मी पुढे जाऊ देणार नाही," देवयानी म्हणाली.

"असू दे गं. सगळंच लगेच मोकळं करायचं नसतं."

"हे कोड आहे पुष्कर, तुझं कपाट नाही!"

सगळे हसले. पुष्कर हसला नाही. त्यानंतर घरात अबोला. कितीतरी दिवसांनी एका सकाळी ती ऑफिसला निघाली, दारात चपला घालत होती, तेव्हा तो तिच्यामागे आला. दाराच्या चौकटीला हात टेकून म्हणाला, "देवू, जरा थांब. मला तुला—"

"संध्याकाळी बोलू," ती म्हणाली आणि तिनं दार ओढून घेतलं.

संध्याकाळी त्याला बोलताच येत नव्हतं. दुपारी कधीतरी तो हॉलमध्ये पडला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

चक्कर येतेय हे सांगायला आला होता का तो दारात? की पुन्हा भांडायला? की भांडण मिटवायला? काहीही असू शकत होतं. पण त्याला बरं वाटत नसेल आणि आपण त्याच्या तोंडावर दार लावलं असेल, हा विचार एकदा मनात शिरला तो शिरलाच. जेवताना घास हातात राहायचा. दार लावताना दर वेळी हात अडखळायचा.

पुष्करला चकती बसली, खिसा होता तसाच ठेवून. त्याच्या जुन्या ध्वनिफितींतून तन्वीरनं त्याचा आवाज तयार केला, आणि तो हळूहळू बोलू लागला. गुढीपाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवून झाली, साखरेच्या गाठीचा तुकडा तिनं त्याच्या तोंडात दिला आणि एवढे महिने घशात अडकलेलं विचारून टाकलं.

"पुष्कर, त्या दिवशी दारात काय सांगणार होतास रे मला?"

त्यानं डोळे मिटले. कपाळावरची शीर तटतटून फुगली. चकतीचा बारीक दिवा लुकलुकत राहिला. ती वाट बघत बसली. त्या दिवशी काही आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. चहाचं उत्तर उशिरा का होईना यायचं, भाजीचं यायचं. हे आलं नाही. त्याला सांगायचंच नसेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

आणि मग ते घावन प्रकरण झालं.

समितीनं कळवलं की उत्तर वेळेवर येत नसेल तर मंजुरी नाही. मंजुरी नाही म्हणजे यंत्र बंद, आणि चकतीची वाट बघत बसलेल्या इतक्या घरांना नकार. तन्वीरच्या टेबलावर देवयानीनं आलेख उघडला.

"हे बघा तन्वीरभाऊ. पुष्करच्या चकतीची मेमरी. एप्रिलपर्यंत रेघ सपाट आहे आणि मग चढत गेलीय, उतरायचं नावच नाही. खिशात टाकलेलं कुणी काढतच नाहीये. साचतंय नुसतं. घोडं इथेच पेंड खातंय."

"मग करा की ओ साफ," तन्वीर म्हणाला. "ते कोड तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

अशा साफसफाईला रिफॅक्टरिंग म्हणतात. तिचा नियम एकच: आतली मांडणी हवी तशी बदला, बाहेरून वागणं मात्र तसंच्या तसं राहिलं पाहिजे. देवयानीचा त्यात हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं पार्सरची पांगलेली स्थिती एका जागी आणली. टोकन कुणी घ्यायचं, कुणी पुढे सरकवायचं, सगळ्याला शिस्त लावली. पुष्करच्या ओळींवरून हात फिरवताना तिला मजा येत होती, खोटं कशाला बोला. इथे तो घाईत होता, इथे त्याला भूक लागली असणार, असं तिला कोड वाचून कळायचं. असं करत ती खिशापाशी आली. तिथे त्यानं टीप लिहून ठेवली होती: 'मला विचारल्याशिवाय इथे हात लावू नये.'

अशी टीप प्रत्येक प्रोग्रॅमर कुठे ना कुठे लिहितो, आणि दुसरा प्रोग्रॅमर ती वाचून हसतो आणि हात लावतो. देवयानीही हसली. तो पलीकडच्याच खोलीत बसला होता. विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर उत्तर यायला संध्याकाळ झाली असती, आणि तिला ते काम जेवणाआधी संपवायचं होतं.

तिनं नवा नियम घातला: वाक्य संपलं की खिसा रिकामा. उरलंसुरलं टाकून द्यायचं, पुढच्या वाक्याला कोऱ्या हातानं सुरुवात.

मग चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, एकही लाल नाही. तिनं स्वतः लिहिलेल्या चाचण्या होत्या त्या. प्रत्येक चाचणी एक नवा कोरा पार्सर उभा करायची, त्याला एकच वाक्य द्यायची, उत्तर तपासायची आणि पार्सर मोडून टाकायची. त्यामुळे एका वाक्यातून पुढच्या वाक्यात काय उरतं, हे त्यांतल्या एकाही चाचणीला कळणं शक्य नव्हतं. कंपायलरवाले चाचण्या अशाच लिहितात. तिला ते कधी खटकलंच नव्हतं.

रविवारी सकाळी तन्वीरनं नवीन कोड पुष्करच्या चकतीत भरलं. दिवा विझला, पुन्हा लागला. तन्वीर वाकून म्हणाला, "काय पुष्क्या, ऐकू येतंय का?"

"येतंय. तोंडाला वास येतोय तुझ्या. लसूण खाल्लास?"

अहाहा! तन्वीर उडालाच. मग खोलीभर नाचला. पंचावन्न किलोचा तो हडकुळा माणूस लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता. देवयानी पुष्करच्या खुर्चीशी खाली बसली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"रडू नकोस," पुष्कर म्हणाला. लगेच. तिचा पहिला हुंदका पुरता बाहेर पडायच्या आत.

समिती आली, खूश होऊन गेली. मंजुरी मिळाली. तन्वीरनं बासुंदी आणली. पुष्कर भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा, पंखा वाढव म्हणायचा, शेजारच्या कुलकर्णीकाकूंच्या नव्या विजेच्या स्कूटरला नावं ठेवायचा. देवयानी कामं सोडून त्याच्याशी बोलत बसायची. खूप दिवसांनी घरात घर असल्यासारखं वाटायला लागलं.

मग तिच्या ध्यानात येऊ लागलं, की तो बोलतो ते इवलं इवलं. दोन शब्द, चार शब्द. "ऊन आलं." "चहा छान." त्याहून लांब काही नाही. बोलून झालं की तो गप्प व्हायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर एक भाव यायचा. स्वयंपाकघरात काहीतरी आणायला जावं आणि काय आणायला आलो तेच विसरून उभं राहावं, तसा.

एक दिवस गॅलरीत बसलेले असताना तो म्हणाला, "तू काही बोलली नाहीस."

"कशावर?"

"मी सांगितलं त्यावर."

"काय सांगितलंस?"

तो गोंधळला. "पाडव्याला विचारलंस ना? सांगत होतो. रोज. थोडं थोडं." थांबून तो म्हणाला, "खूप होतं ते."

 देवयानी उठली, तिनं काहीतरी कारण काढलं, कुलकर्णीकाकूंना जरा बसायला सांगितलं आणि तडक ऑफिस गाठलं. आलेख पुन्हा उघडला. सपाट रेघ. आणि जिथून चढायला लागली होती ती तारीख. ती 'एप्रिल' म्हणाली होती. एप्रिलच होता. पाडवा होता तो.

तन्वीर मागे येऊन उभा राहिला. तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि गॅलरीतलं बोलणं त्याला सांगितलं. त्याला समजायला वेळ लागला नाही, आणि समजल्यावर त्यानं शेजारची खुर्ची ओढून घेतली.

"डॉक्टर म्हणाले होते," तो हळू म्हणाला. "वाक्य पुरं होईपर्यंत मनात धरून ठेवायची जी जागा असते, तिलाच मार लागलाय म्हणून. त्याला लांबचं काही धरताच येत नव्हतं वहिनी. मग मेंदूनं सोय बघितली. खिसा वापरायला लागला, स्वतःचाच असल्यागत. एक तुकडा टाकायचा, टिचकी मिळाली की सोडायचं, मग पुढचा तुकडा. वाक्य संपलं नव्हतं म्हणून पार्सर बोलत नव्हता. आणि ते ओझं सांभाळता सांभाळता बाकीची उत्तरं मागे पडत होती."

"गळती नव्हती ती."

"नव्हती."

"मला उत्तर देत होता तो. एवढे महिने. आणि मी ते..."  तिनं वळून विचारलं, "कुठे काही राहिलं असेल? एखादी प्रत?"

"खिसा चालत्या मेमरीत असतो, यंत्र विझलं की पुसला जातो. तुम्हीच शिकवलंय मला." तन्वीरनं तोंडावरून हात फिरवला. "म्हणाल तर जुनं कोड आत्ता परत घालतो. खिसा परत मिळेल. पण रिकामा. आणि त्याच्याजवळही नाही ते आता. प्रत्येक तुकडा सांगून झाला असं समजून सोडून दिलाय त्यानं. सांगितलं एवढंच आठवतंय."

म्हणजे ते जगात कुठेच नव्हतं. ती टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. खालून दुकानातून सतारीची एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज येत होता. कुणीतरी सूर लावत होतं.

घरी जाताना तिनं ठरवलं, खरं काय ते सांगायचं. माझ्या हातून पुसलं गेलं, म्हणायचं. तू विचारायला सांगितलं होतंस आणि मी विचारलं नाही. दारातही थांबले नाही आणि तेव्हाही थांबले नाही. हवं तर रागाव, बोलू नकोस माझ्याशी. जिना चढताना ती वाक्यं तिनं पाठ केली.

पुष्कर गॅलरीतच होता. तिरपं ऊन त्याच्या पायांवर आलं होतं. कुलकर्णीकाकू तिला बघून उठल्या आणि गेल्या. ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"पुष्कर, ते तू जे सांगत होतास ना—"

"माझ्याकडे नाही ते," तो म्हणाला. "शोधलं. सापडत नाही." त्याचा डावा हात चाचपडत तिच्या हातापर्यंत आला. "पण सांगून झालं ना. तुझ्याकडे आहे."

 त्याचे डोळे निवांत होते. मोठं काम उरकून, आता ते दुसऱ्याच्या ताब्यात देऊन बसलेल्या माणसाचे.

"आहे ना?"

पाठ केलेलं सगळं तिच्या तोंडात होतं. पण ते बाहेर काढायचं म्हणजे त्याच्या इतक्या महिन्यांच्या कष्टांवर त्याच्या डोळ्यांदेखत पाणी ओतायचं.

"आहे," ती म्हणाली.

"बरं झालं." तो हसला. डाव्या बाजूनं, जमेल तेवढं. मग म्हणाला, "सांग ना. मला ऐकायचंय. काय म्हणालो मी?"

आता आली का पंचाईत! देवयानीला एकदा वाटलं, उठून आत पळावं. तो वाट बघत होता. रस्त्यावरून भाजीवाल्याची हातगाडी गेली. त्याच्या बोटांची पकड तिच्या हातावर होती, आणि ती सैल करायचा त्याचा विचार दिसत नव्हता. तिनं तोंड उघडलं. जे ऐकायला ती त्या संध्याकाळपासून आसुसली होती, तेच बाहेर आलं.

"तू म्हणालास," ती अडखळत म्हणाली, "की त्या दिवशी मी दार लावलं, त्यात माझं काही चुकलं नाही. असं म्हणालास तू."

"हो," पुष्कर म्हणाला. "तेच म्हणालो मी."

उत्तर लगेच आलं होतं, जराही न अडखळता, त्याच्याच आवाजात. ती स्टुलावर अंग आक्रसून बसली होती, आणि थंडी वाजतेय का म्हणून तो विचारत होता.